यादीबाहेरचा मोहल्ला

१५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांचे मतदान झाले. मुंबईला तर २०१७ नंतर पहिल्यांदाच नगरसेवक निवडायला मिळाले. मधली काही वर्षे प्रशासकाच्या राज्यात गेली. इतक्या वर्षांनी आलेल्या त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या एक वयस्क खाला सकाळीच बुरखा घालून, हातात मतदार ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या. ओळखपत्र खरे होते, त्यावरचा फोटो त्यांचाच होता. यादीत मात्र नाव नव्हते. "कार्ड है ना बेटा, फिर नाम कायकू नइं?" असे त्या केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला पुनःपुन्हा विचारत होत्या. त्याच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर खरे म्हणजे आमच्याकडे असायला हवे होते, कारण आम्ही लिहिणारे-वाचणारे, साहित्य संमेलनांतून लोकशाहीवर परिसंवाद करणारे लोक त्यांच्याच गल्लीत राहतो.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर नेहमीचे बोलणे सुरू झाले. मुद्दाम केले, आपली नावे वेचून वेचून काढली, हे सगळे ठरवून चालले आहे. असे कधी कुठे होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. होते, आणि ते कसे होते हे पुढे सांगणार आहोत. पण टपरीवर बसलेल्या माणसांपैकी प्रारूप यादी प्रसिद्ध झाली तेव्हा ती किती जणांनी पाहिली होती? आम्ही विचारले. एकानेही नाही. आम्हीही नाही. ज्या माणसाने पेपर उघडलाच नाही, त्याने निकालावर आरोप कसा करायचा? आमचा हा लेख त्या टपरीविरुद्ध आहे, आणि त्या टपरीवर आम्हीही बसतो.

आधी एक गैरसमज मोडू. टी. एन. शेषन यांनी १९९३ साली फोटो ओळखपत्राची मोहीम सुरू केली, आणि तेव्हापासून आपल्या घराघरांत ते कार्ड रेशनकार्डाशेजारी, निकाहनाम्याच्या पिशवीत जपून ठेवलेले असते. लोकांना वाटते, कार्ड म्हणजे मत. ते तसे नाही. मत यादीत असते. कार्ड फक्त सांगते की यादीतला तो माणूस तुम्हीच. यादीतून नाव गेले की कार्ड नुसता फोटो राहतो.

दुसरी गोष्ट आपल्यातले शिकलेलेही जाणत नाहीत. महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी वेगळी मतदार नोंदणी नसतेच. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली राज्य निवडणूक आयोग आला, तो निवडणुका घेतो. पण यादी तो विधानसभेचीच उचलतो आणि तिचे प्रभागनिहाय तुकडे पाडतो. एका ठरावीक दिवशी विधानसभेची यादी जशी असेल तशीच घेतली जाते. या वेळी तो दिवस होता १ जुलै २०२५. त्या दिवशी विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव नव्हते, त्याचे नाव प्रभागाच्या यादीत घालण्याचा अधिकार आयोगालाही नाही. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घ्यायला थोडे दिवस मिळतात. त्यात दुरुस्त काय होते? विधानसभेच्या यादीत नाव आहे आणि प्रभागाच्या यादीत गळले, किंवा रस्त्याच्या अलीकडचे घर पलीकडच्या प्रभागात गेले, किंवा लेखनिकाची चूक झाली, एवढेच. आमच्या ओळखीच्या एका मुलाने नोव्हेंबरात मोठ्या उत्साहाने नवा अर्ज भरला आणि जानेवारीत शाई लावून घ्यायला निघाला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की गाडी जुलैतच सुटली. निवडणूक जाहीर झाल्यावर यादीची आठवण होणे म्हणजे बारात दारात आल्यावर मुलगी पाहायला जाणे.

यादीत नाव का नसते, याची कारणे आम्ही गेले काही महिने गोळा करत आहोत. त्यातले पहिले आणि सगळ्यांत चिवट कारण आपली नावेच आहेत.

मराठवाड्यात आणि वऱ्हाडात माणसाचे नाव असते शेख रहीम शेख करीम. पहिला शेखही त्याचा, दुसरा शेख बापाचा. अर्जात रकाने असतात नाव आणि आडनाव. रहीम कुठे लिहायचा? भरणारा कधी शेख हे नाव करतो आणि करीम आडनाव, कधी नुसतेच शेख शेख. मग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, यादीत तिसरे. मुहम्मद हे एकच मुबारक नाव, पण कागदोपत्री ते मोहम्मद, महंमद, महमद, मोहमद आणि मो. अशा पाच वेशांत फिरते. त्यात रोमन लिपीतले नाव यंत्र देवनागरीत आणते तेव्हा अत्तारांचे अत्तर होते, बागवानांचे बगवान होते, मुलाणींचे मुलानी होते. सुवासिक विनोद म्हणून सोडून द्यावे असे वाटते, पण ज्या दिवशी दोन कागद जुळवायला मागतात त्या दिवशी हा विनोद संपतो. शमीम, नसीम, मुमताज, इक्बाल ही नावे बाईचीही असतात आणि पुरुषाचीही. यादीत शमीमआपाच्या नावापुढे पुरुष लिहिलेले आणि तिच्या नवऱ्याचे नाव बापाच्या रकान्यात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ही चूक कोणाची? नोंदणाऱ्याची आहेच. मतदान केंद्राचा अधिकारी म्हणजे बहुधा एखादी अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक शिक्षक. आपले काम सांभाळून हे ओझे तिच्या डोक्यावर. दोन शेखांतला फरक तिला कळावा ही अपेक्षा आपण ठेवतो, पण ती दारात येते तेव्हा आपण काय करतो? आतून आवाज येतो, "घर में मर्द नहीं है, बाद में आओ." ती नंतर येत नाही. आली तरी उत्तर तेच.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभर लाखो बायकांनी यादी करणाऱ्याला स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीबाहेर गेली. त्या काही सगळ्या मुसलमान नव्हत्या, बहुतेक उत्तरेतल्या हिंदू घरांतल्याच होत्या. पुढच्या निवडणुकांत त्यांतल्या पुष्कळजणींनी नावे सांगितली. आज सत्तरहून अधिक वर्षांनी आपल्या घरातली बाई आपले नाव सांगायला तयार आहे, दार उघडायला घरातले पुरुष तयार नाहीत. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते आणि सासरच्या यादीत येत नाही. सासरच्या पुरुषांना ते आठवतच नाही. सून रेशनकार्डावर मात्र महिन्याच्या आत चढते, कारण तिथे धान्य मिळते.

दुसरे कारण स्थलांतर. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून किती कुटुंबे मुंब्र्याला गेली हे इथल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. वस्ती फुगली, शाळा अपुऱ्या पडल्या, पाण्याच्या टाक्या कोरड्या राहिल्या. आणि कित्येकांचे मत पुढची कित्येक वर्षे जुन्या चाळीतच राहिले, जिथे आता त्यांचे छप्परही नव्हते. राहायला मुंब्र्यात आणि मत भायखळ्यात असलेल्या माणसाच्या गटाराबद्दल ठाण्याच्या नगरसेवकाने का बोलावे? भाडेकरूंचे दुखणे यापेक्षा वेगळे नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलते. पत्ता बदलल्यावर आता नमुना ८ भरायचा असतो. २०२२ पासून पत्ता बदलणे आणि दुरुस्ती दोन्हीला हाच एक अर्ज आहे. पण घरमालक पुरावा द्यायला कां-कूं करतो आणि भाडेकरू अर्ज पुढे ढकलतो. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणारा माणूस वर्षातले कित्येक महिने इथे असतो, त्याचे नाव ना इथे ना गावी.

कोकणातल्या आपल्या भावांचे वेगळे. महाड, मुरूड, रत्नागिरीकडे अशी गावे आहेत की अर्धा कर्ता पुरुषवर्ग आखातात. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला यादीत नाव घालण्याची सोय २०१० च्या दुरुस्तीने झाली, नमुना ६अ भरून. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते. कोण विमानाचे तिकीट काढून ग्रामपंचायतीच्या मतदानाला येणार? हे अवघड आहे, मान्य. पण गावात मागे राहिलेल्या आया, बहिणी, बायकांची नावे तरी पूर्ण असावीत ना? ग्रामपंचायतीचा प्रभाग म्हणजे थोडी घरे. तिथे पाच-दहा मतांनी निकाल फिरतो, समान मते पडली तर चिठ्ठ्या टाकतात. जमातीची सभा भरते तेव्हा पैशांच्या हिशेबावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद होतो, मतदार यादीचा विषय एकदाही निघत नाही. बहुतेक जमातींच्या स्वतःच्या यादीतही बाईचे नाव नसते, मग सरकारी यादीत नसल्याचे कोणाला काय वाटणार!

आता मुद्दाम नावे काढण्याबद्दल. नाव काढण्यासाठी नमुना ७ असतो. तो त्याच मतदारसंघातल्या मतदाराला भरता येतो, आणि हा माणूस मेला, हा इथे राहत नाही, हा नागरिक नाही, असे त्यात लिहिता येते. खोटे लिहिले तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली शिक्षा आहे. ज्याचे नाव काढायचे त्याला आधी नोटीस देऊन बाजू मांडायची संधी द्यावी लागते. निकाल विरुद्ध गेला तर कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. एवढी कवचे कायद्याने दिली आहेत. पण नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, किंवा घरी येते आणि इंग्रजी-मराठी वाचणारे कोणी नसते, किंवा वाचून गादीखाली ठेवली जाते. सुनावणीला आपण गैरहजर. मग नाव निघते. यात डाव असेल तर त्या डावाला आपल्या झोपेची साथ लागते.

२०२५ साली बिहारमध्ये सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर गेली. त्यांत मेलेलेही होते, गाव सोडून गेलेलेही होते आणि जिवंत, जागेवर असलेलेही होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये वगळलेल्यांची नावे कारणांसह जाहीर करायला लावली आणि सप्टेंबरात ओळखीसाठी आधार स्वीकारायला सांगितले. हे आपोआप झाले नाही. कोणीतरी यादी घेऊन गावोगाव फिरले, कोणीतरी न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशीच तपासणी बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत जाहीर झाली, त्यात आपला शेजारी गोवाही होता. या तपासणीत वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत आपले किंवा आईबापाचे नाव होते का, ते शोधावे लागते. २००२ सालच्या यादीत तुमच्या वालिदांचे नाव कसे लिहिले आहे, हे तुम्हाला माहीत आहे? आम्ही आमच्या वालिदांचे शोधले. सापडायला दोन दिवस गेले, कारण त्यांच्या नावातला 'मोहम्मद' यादीत 'मो.' झाला होता.

आपल्यातले काहीजण म्हणतात, मत देऊन काय होते, दोन्हीकडचे सारखेच. हे म्हणणारे बहुधा ज्यांचे नळ भरलेले असतात ते. ज्यांचा नळ कोरडा असतो ते नगरसेवकाच्या दारात उभे असतात, आणि नगरसेवक आधी यादीत पाहतो की हे घर आपल्या प्रभागात आहे का. आणखी काहीजण त्यापुढे जाऊन म्हणतात, पूर्वी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ होते, तेव्हा बरे होते. १९०९ ते १९४६ अशी वेगळी यादी होती, खरे आहे. पण त्या यादीत कोण होते? जमीन, घरपट्टी, आयकर, शिक्षण यांच्या अटी पुऱ्या करणारे. तांबोळी, पिंजारी, मोमीन विणकर, त्यांच्या बायका त्या यादीत कितीशा होत्या? त्यांना मत मिळाले ते घटनेच्या ३२५ आणि ३२६ व्या कलमांनी, एकाच सर्वसाधारण यादीत, धर्म न विचारता. ज्या यादीने खाटकाच्या आणि नवाबाच्या मताची किंमत एक केली, तिची आपण कदर करत नाही आणि जिने फक्त नवाबाला मोजले तिच्या आठवणी काढतो.

आणि आता शाळा. हा विषय आम्हाला जास्त लागतो, कारण या अंकाचे निम्मे वाचक शिक्षक आहेत. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली पालिकांची शिक्षण मंडळे होती. त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत. उर्दू शाळेचे छत गळते हे सांगायला मंडळात आपला एखादा माणूस पोचावा, तर आधी पालिकेत आपला शब्द हवा, आणि त्यासाठी आधी यादीत नाव. साखळी अशी होती. ती मंडळे २०१३ साली कायदा बदलून मोडीत काढली गेली. काही मंडळे ठेकेदारीचे अड्डे झाली होती, त्यांच्यासाठी आम्ही अश्रू गाळणार नाही. पण त्यांच्या जागी जे आले त्याकडे आपण पाहिले का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, पैशांच्या वापरावर लक्ष ठेवते. हिची मतदार यादी म्हणजे शाळेचा हजेरीपट. ज्याचे मूल पटावर, तो मतदार. ना नमुना ६, ना पुरावा, ना कोणाची शिफारस. इतकी सोपी यादी या देशात दुसरी नाही.

तरी काय होते? पालकसभेची चिठ्ठी मुलाच्या दप्तरात चुरगळते. सभेला पाच बायका येतात, त्यांच्या सह्या घेतात, आणि मुख्याध्यापकांनी आधीच लिहून ठेवलेली नावे 'सर्वानुमते' निवडून येतात. एका शाळेत समितीवर असलेल्या एका आपांना आम्ही विचारले, तुम्ही समितीत आहात ना? त्या म्हणाल्या, "हाँ, सरने दस्तखत लिए थे, काहे के वो मालूम नइं." पालिकेच्या उर्दू शाळा बंद पडत चालल्याबद्दल आपण लेख लिहितो. ज्या कागदावर आपांची सही आहे त्यावर कदाचित तेच लिहिलेले असेल.

आपल्या स्वतःच्या संस्थांचे काय, असा प्रश्न कोणी विचारलाच तर आमची मान खाली जाते. अल्पसंख्याक शाळांत या समितीचे काम २०१२ च्या दुरुस्तीने फक्त सल्ल्यापुरते ठेवले. ते हक्काचे रक्षण म्हणून झाले. पण मग तिथे खरा अधिकार संस्थेच्या कार्यकारिणीकडे, आणि कार्यकारिणी निवडते सभासद यादी. ही यादी कधी कोणी पाहिली आहे? कित्येक संस्थांत ती वर्षानुवर्षे एका घरच्या कपाटात असते. नवे सभासदत्व मागितले तर पावती पुस्तक संपलेले असते. मेलेले सभासद यादीत जिवंत असतात आणि जिवंत माजी विद्यार्थी बाहेर. वाद झाला की बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे जातो आणि पुढची दहा वर्षे तारखा पडत राहतात. सरकारी यादीतून आपले नाव गळाले तर आपण मोर्चा काढतो. संस्थेच्या यादीतून आपणच आपल्या लोकांना गाळतो, तेव्हा त्याला शिस्त म्हणतो.

शेवटी आमच्यासारख्या पदवीवाल्यांबद्दल. विधानपरिषदेत सात जागा पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या आहेत. यांची यादी प्रत्येक निवडणुकीला कोऱ्या कागदापासून तयार होते. मागच्या वेळी नाव होते, हे चालत नाही. पदवीधराने नमुना १८ भरायचा, १ नोव्हेंबरपूर्वी पदवी मिळून तीन वर्षे झालेली असली पाहिजेत. माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयात मागच्या सहा वर्षांतली तीन वर्षे शिकवलेल्या शिक्षकाने नमुना १९ भरायचा. आम्ही आमच्या ओळखीतल्या उर्दू-मराठी शिक्षकांना, वकिलांना, दोन कवींना आणि एका समीक्षकांना विचारले. समीक्षकांनी विचारले, "ही निवडणूक कधी असते?" त्यांचा लोकशाही आणि मुस्लिम मानस या विषयावरचा निबंध आम्ही आवडीने वाचला होता.

नाव घालण्याचे काम आपण पक्षाच्या माणसावर सोडतो, हा सगळ्यात महाग व्यवहार आहे. तो अर्जांचा गठ्ठा घेऊन जातो. ज्यांची मते आपल्याला पडतील असे त्याला वाटते त्यांचे अर्ज पोचतात, बाकीचे त्याच्या मोटारसायकलच्या डिकीत राहतात. नाव चढल्यावर तो पाच वर्षे सांगत फिरतो की हे मत मी केले आहे, म्हणजे ते माझे. अर्ज स्वतः भरावा, पोच स्वतःकडे ठेवावी. आता वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण होणाऱ्याला आधीच अर्ज देता येतो. मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला आपण मोबाइल देतो, त्याच दिवशी नमुना ६ भरायला दहा मिनिटे लागतात.

त्या खालांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांचे नाव स्थलांतरित म्हणून निघाले होते. मुलाने घर बदलल्याचा अर्ज दिला होता आणि त्याबरोबर आईचेही नाव गेले. आई जुन्याच घरात होती. आम्ही त्यांच्याबरोबर नमुना ६ भरला. नावाच्या रकान्यात काय लिहायचे यावर बराच वेळ गेला, कारण आधारवर 'बी' आहे आणि जुन्या कार्डावर 'बेगम'. त्यांनी आधी 'बी' सांगितले, मग थांबल्या, म्हणाल्या, "नइं, बेगम लिखो. निकाहनामे में वोइच है." आम्ही बेगम लिहिले, आणि आधारच्या दुरुस्तीचा अर्जही त्याच पिशवीत ठेवला. गल्लीतल्या पुढच्या घराची बेल वाजवली तेव्हा आतून आवाज आला, मर्द घरात नाही. "हमकू तुमसेच काम है, भाभी," खाला बाहेरून म्हणाल्या, आणि दार उघडले.